मैदानावरची ताडपत्री

सोमवार, श्रावण, १९७३
मादन हिप्परगा, दिवस मावळताना

पाऊस सुरू झालाय, आणि घरातली एकुलती एक ताडपत्री शाळेच्या मैदानावर आहे. उद्या कबड्डीचा शेवटचा सामना. चिखलात पोरांचे गुडघे फुटतात, म्हणून सकाळी मीच ती नेऊन अंथरली.

काल शाळेच्या बैठकीत मी किती तावातावाने बोललो! पावसाळ्यात खेळायचं तर मैदानाला छत हवंच, निदान पत्र्याचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी थोरल्या भावाला सांगितलं तर अण्णा हसले.

"खळ्याला छत न्हाई, अन् खेळाला पायजे व्हय? पोरं भिजली तर वाळतेत. मूग भिजला की कोंब फुटतेत."

तरी सकाळी ताडपत्री नेताना त्यांनी मला अडवलं नाही. कामून अडवलं नाही? आभाळ मोकळं होतं म्हणून, की मी मागितली म्हणून?

आता घरामागच्या खळ्यावर मुगाच्या शेंगांची रास उघडी पडलीय. अण्णांनी तिच्यावर पोती टाकली, घोंगडं टाकलं. तरी एक कड उघडीच राहिली, तर तिच्यावर स्वतःच ओणवे झालेत.

वहिनी दारातून ओरडली, "भाऊजी, लिहीत कामून बसलाव? ताडपत्री आणा की!"

आणली तर मैदानाचा चिखल होईल. कोरड्या मैदानाचा पोरांना शब्द दिलाय. छत हवं, हे मी आत्ताही म्हणेन. पण ताडपत्री एकच आहे.

अण्णा भिजायलेत. या घडीला गावात दोनच गोष्टी कोरड्या आहेत. ताडपत्रीखालचं मैदान, आणि माळवदाखाली बसलेला मी.

उठतो.