न फुटणारा इन्सुलेटर

३ फेब्रुवारी १९५९

साहेबांनी आज टेबलावर एक तपकिरी वस्तू ठेवली. "जयवंत, हा फुटत नाही म्हणे!" विजेच्या खांबावर तार बसते तो इन्सुलेटर — पण चिनी मातीचा नाही, परदेशी रेझिनचा. प्लास्टिकचाच भाऊ. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या दगडफेकीत आपल्या कारखान्याचे किती फुटले, ते साहेबांना अजून सलतं. हा टिकला तर कारखाना हेच बनवणार. आणि काम नीट झालं तर मी हंगामीचा कायम!

चाचणी कशी करायची? साहेब म्हणाले, "दगड मारून. दुसरं काय?"

५ फेब्रुवारी

वडाळ्याच्या आवारात खांब उभा केला. चाळीस दगड मारले. इन्सुलेटरला एकही नाही. एक बाबुराव पहारेकऱ्याच्या किटलीला लागला. "तुम्हाला इन्सुलेटर नको, चष्मा पायजे," म्हणाला.

६ फेब्रुवारी

नायगावला चाळीत विचारलं — नेम कुणाचा चांगला? कुणी पुढे येईना! समोरच पोलिसांची वस्ती ना. छप्पन साली आपण किती दगड मारले ते दर गणपतीत सांगणारे नाना आज म्हणतात, "माझा खांदा जन्मापासून दुखतो रे!" शेवटी तळमजल्यावरच्या गंगुबाई उठल्या. साठीच्या. गिरणीतून निवृत्त.

"मी येतंय. च्या पाजशीत मां?"

९ फेब्रुवारी

काय नेम! पहिल्याच दगडात, तुलनेसाठी शेजारी लावलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरच्या ठिकऱ्या. आणि सवयीनं गंगुबाईंच्या तोंडून निघालं — "झालाच पाहिजे!" नेमका तेव्हाच फाटकात हवालदार. दगडफेक चालली आहे म्हणून कुणीतरी कळवलेलं. गंगुबाई लगेच पदर सावरून उभ्या, जशा काही देवळात!

साहेबांनी कागद दाखवले. हवालदारांनी घोषणा ऐकलीच नाही असं दाखवलं. मग हळूच, "मी मारू का एक?" तीन मारले. तिन्ही पलीकडच्या मिठागरात.

"हवालदारांनु, खांदो सैल सोडा," — गंगुबाई.

रेझिनच्या इन्सुलेटरला गंगुबाईंचे सत्तावीस दगड बसले. नुसते ओरखडे. अठ्ठाविसावा उसळून थेट साहेबांच्या नडगीवर. साहेब लंगडत लंगडत हसत होते!

१० फेब्रुवारी

अहवाल वर गेला. "फुटत नाही."

२१ मे

नमुना तेव्हापासून उन्हात खांबावर तसाच होता. आज उतरवला — हाताला पांढरी भुकटी! अंगभर केसासारख्या भेगा. शेडमध्ये नेऊन विजेचा दाब दिला. तडतड, जळका वास, वरपासून खालपर्यंत काळी रेघ, आणि मुख्य फ्यूज उडाला.

दगडांना पुरून उरला आणि उन्हानं खाल्ला! साहेब बाहेरगावी, उद्या येणार. नव्या यंत्रांची ऑर्डर याच आठवड्यात निघायची आहे. मी बोललो नाही तर कायम. बोललो तर?

संध्याकाळी गंगुबाईंना सांगितलं. त्यांना रागच आला. "उन्हान फोडल्यान? मगे माका कित्याक बोलयलंस?" नंतर तांदूळ निवडायला बसल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "सायबाक सांग. तार तुटान कोणाच्या अंगार पडली तर?"

२२ मे

सांगितलं. साहेब बोटावर ती भुकटी घेऊन बघत राहिले. "चाचणीत ऊन आपण धरलंच नाही, जयवंत." मला लवकर घरी पाठवलं.

१ जून

कायम झालो. यंत्रांची ऑर्डर थांबली. "चाचणी माझी, चूक माझी," असं लिहून देऊन साहेब शनिवारीच नोकरी सोडून गेले. मी कायम झाल्याच्या पत्राच्या पाकिटात त्यांच्या कारखान्यातल्या खोलीची किल्ली होती.