जत्रेपुरती दोन मुलं

२० एप्रिल, रविवार

आज सकाळी देवपूजा आटोपली आणि गावी भावकीतल्या धाकूकाकांना फोन लावला. जत्रेला दोन आठवडे उरलेत. दरवर्षीप्रमाणे सांगून टाकलं — हळद धाकटा भाऊ साईनाथ आणि त्याची बायको कल्पिता दळतील. काका म्हणाले, "बरं." तेही दरवर्षीप्रमाणेच.

हेमा गॅसपाशी पोहे परतत होती. मागे न वळता म्हणाली, "ते कुठे विचारतात तुम्हाला? तुम्ही आपणहून कशाला सांगता?"

मी पोह्यांची बशी पुढे ओढली. मीठ कमी होतं, तसेच खाल्ले.

देवीची हळद दळायचा मान आमच्या घराचा. थोरल्या मुलाने आणि त्याच्या बायकोने जात्याशी समोरासमोर बसायचं, एकच खुंटा दोघांनी धरायचा. वडील गेले तेव्हा मान माझ्याकडे आला. आमच्या लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नव्हतं. साईनाथला मुलगा नुकताच झालेला. हेमाकडे बघून बायका कुजबुजतील, त्यापेक्षा तिला तिथे बसवूच नये, असं वाटलं. मीच काकांना म्हणालो, या वर्षी धाकटा बसेल.

गावाने त्याचा अर्थ वेगळाच घेतला. नवराच मान्य करतो म्हणजे दोष बायकोतच, असं ठरून गेलं. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

२२ एप्रिल, मंगळवार

इथे तरी खरं लिहावं.

दोष माझ्यात आहे. ठाण्याच्या डॉक्टरांनी एकोणीस वर्षांपूर्वी कागदावर लिहून दिलं. वर्तकनगरच्या बसस्टॉपवर उभे असताना हेमाच म्हणाली, "कुणाला सांगू नका. पुरुषाला लोक जगू देत नाहीत." मी मान हलवली. बस आली, आम्ही बसलो.

देवीला सगळं ठाऊक आहे, मग गावाला सांगायची काय गरज — असं धरून चाललो. रोज तिच्या तसबिरीला हात जोडतो. ते सोपं असतं. तसबीर काही विचारत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

हेमा म्हणते, जत्रेला येणार नाही.

२७ एप्रिल, रविवार

येणार म्हणते, पण पाहुण्यासारखी. भाकऱ्या थापायला बसणार नाही, पंक्ती वाढणार नाही. जत्रा फिरायची आणि निघायचं. चोवीस वर्षांत तिने जत्रेतलं एकही दुकान नीट बघितलेलं नाही, हे तिने सांगितलं तेव्हा कळलं. मी तरी कुठे बघितलंय? मी मंडपाच्या वायरी आणि भोंगे बघतो. कंपनीत तेच करतो, गावी गेलो की तेच.

साईनाथला कळवलं. तो हसला. "दादा, पत्रिका पाठवू का मग? सहकुटुंब सहपरिवार?"

ते तोंडातून गेल्यावर तो घाईने मंडपाच्या वायरींचं विचारायला लागला. मी फोन ठेवला. माणूस वाईट नाही.

३ मे, शनिवार

गावीच आहे. ओटीवर बसून लिहितोय, दिवेलागण व्हायची आहे.

सकाळी डोंबिवलीहून निघालो. खडवलीला उतरून रिक्षा. हेमाने अबोली रंगाची साडी नेसलेली. रिक्षावाल्याने विचारलं, जत्रेला का? ती म्हणाली, "हो, पहिल्यांदाच." मी तिच्याकडे बघितलं. ती बाहेर बघत होती.

आधी देवळात गेलो, साध्या रांगेतून. मानाच्या दारातून नाही. पाऊण तास उभे होतो. रांगेतून देवी आधी दिसत नाही, पुढच्यांच्या माना दिसतात, मग एकदम तिचे डोळे. मला हे माहीत नव्हतं.

मग फिरलो. ताडगोळे घेतले. हेमाने एक सोलून माझ्या हातावर ठेवला, अख्खा तोंडात टाकला तर पाणी शर्टावर. गोडी शेव घेतली. पत्र्याच्या पेट्या, चाळण्या, खलबत्ते — प्रत्येक ठिकाणी ती उभी राहून भाव विचारायची आणि न घेता पुढे. विक्रेते सगळे बाहेरगावचे. तिला कुणी ओळखत नव्हतं.

बर्फाच्या गोळेवाल्याकडे तिने काळाखट्टा सांगितला. तो म्हणाला, "ताई, पोरांना नाही आणलं?"

मी खिशात सुटे शोधायला लागलो. असं कुणी विचारलं की मी नेहमी काहीतरी शोधतो.

हेमा म्हणाली, "मोठा पुण्याला असतो. धाकटीची परीक्षा आहे."

इतकं सहज! मी बघतच राहिलो. गोळेवाला म्हणाला, मुली अभ्यासू असतात. हेमा म्हणाली, "कसली अभ्यासू? बापावर गेलीय. पुस्तक उघडलं की डुलक्या."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "आणि बडबड आईसारखी."

ती हसली. ओठ जांभळे झालेले, पदराने तोंड दाबून हसत होती. मग थांबलोच नाही आम्ही. चपलांच्या दुकानात धाकटीच्या पायाचं माप सांगितलं. आकाशपाळण्यात वर गेल्यावर ती म्हणाली, मोठ्याला उंचीची भीती वाटते, तो चढलाच नसता. वरून नदी दिसत होती, पात्रात थोडंसंच पाणी. तिने माझं मनगट घट्ट धरलेलं. चोवीस वर्षांत आम्ही एवढे हसलो नसू.

पाळण्यातून उतरताना पाळणेवाला म्हणाला, पुढच्या वर्षी मुलांना घेऊन या. हेमा म्हणाली, "आणते ना. मुलगी तर ऐकायचीच नाही."

मागे कल्पिता उभी होती. आम्हाला जेवायला बोलवायला आलेली. थट्टेनेच तिने विचारलं, "कुणाची मुलगी गं, ताई?"

हेमाचा चेहरा क्षणात विझला. "कुणाची नाही," म्हणाली. मग घरी आल्यावर थेट स्वयंपाकघरात गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. कुणी सांगितलं नव्हतं.

परतीची रिक्षा नको म्हणून मी सांगून आलो. उद्या सकाळी हळद आहे.

४ मे, रविवार

आंघोळ करून देवीला नमस्कार केला. तिच्याकडे काही मागितलं नाही. मग हेमाला सांगितलं, मी आज बोलणार आहे. ती केस विंचरत होती. म्हणाली, "एवढ्या वर्षांनी? हसतील तुम्हाला." मी म्हटलं, हसू देत. तिने गाठ मारली आणि उठली.

अंगणात सगळी भावकी जमलेली. साईनाथ आणि कल्पिता जात्यापाशी बसत होते. मी म्हटलं, जरा थांबा. आणि सांगितलं — मूल माझ्यामुळे झालं नाही. डॉक्टरांचा कागद आहे. हेमा माझ्यासाठी गप्प राहिली आणि मी तिला राहू दिलं.

कुणी हसलं नाही. कल्पिताने खुंट्यावरचा हात काढून घेतला.

धाकूकाकांनी विचारलं, "मग आता हळद कोण दळणार?"

मी म्हटलं, ते तुम्ही हेमाला विचारा.