दोनचा रकाना

३ नोव्हेंबर
घमापुरातल्या नर्सिंग होममध्ये आजपासून कामाला लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी नोकरी, म्हणजे हौसच म्हणायची. बहीण पुष्पानं डब्यात झुणका-पोळी दिली. वॉर्डात बावीस पेशंट अन् आम्ही दोघी : मी आणि इन्चार्ज हेमलता सिस्टर. सहा नंबरच्या पार्वताबाई या हिंदी मुलखातही आपल्या वर्ध्याकडच्या. केस विंचरून दिले तर म्हणाल्या, तुझ्या हाताला माया आहे सत्यवती. दिवसाचा शीण तिथंच उतरला.

५ नोव्हेंबर
कंबर मोडून गेली. हेमलता सिस्टरनं युक्ती सांगितली : दुपारी दोनची नाडी अन् बी.पी. चार्टवर सकाळीच भरून टाकायचे. इथं सगळे तसंच करतात म्हणे. मन खात होतं, पण बावीस जणांना दोन हात कुठवर पुरणार? भरले. दोन वाजता राहवेना, म्हणून मोजून पाहिले. बावीसही बरोबर. माझ्या अंदाजावर मीच खूश.

८ नोव्हेंबर
घाईत चार नंबरच्या रामरावांचा दोनचा रकाना कोरा राहिला. ठीक दोनला ते गेले. जेवून, माझी थट्टा करत बसले होते. हेमलता सिस्टर हळूच म्हणाली, दीदी, कोई खाना खाली मत छोड़ना. एकही रकाना कोरा सोडू नको म्हणे. माझ्याकडे पाहिलं नाही तिनं.

९ नोव्हेंबर
पार्वताबाईंना धाप लागली. डॉक्टरांनी हात टेकले. लेक जया पुण्याहून निघाली आहे, परवा पोचते. म्हातारीचे डोळे दाराकडेच. मी त्यांचे सगळे रकाने भरले. गाडीला उशीर झाला तर, म्हणून महिनाअखेरपर्यंत. नाडी चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. मायलेकींची भेट तरी होऊ दे.

१० नोव्हेंबर
पार्वताबाईंचे हात बर्फासारखे. छाती हलत नाही. तरी बोटाखाली नाडी – चौऱ्याऐंशी. मलाच विचारून राहिल्या, काहून अडकवलं गं. मी म्हटलं, जया येते ना.

११ नोव्हेंबर
जया आली. आईचा हात धरला अन् झटकन सोडला. उदबत्ती लावली, तरी वास – पार्वताबाई लेकीकडे पाहतच नाहीत. माझ्याकडे पाहून राहिल्या.

१२ नोव्हेंबर
पार्वताबाईंच्या चार्टवरचे सगळे आकडे खोडले. डोळे उघडेच. चौऱ्याऐंशी. हेमलता सिस्टर म्हणाली, एकदा लिहिलं ते इथं खोडून जात नाही. पर्स उचलून निघून गेली –

पार्वताबाई उठून बसल्या. कोरा चार्ट मागितला. मी दिला. काहून दिला –

एकटीला भेव वाटते म्हणाल्या. तूही थांब.

त्यांनी वर माझं नाव लिहिलं. आजचा दोनचा रकाना भरला. उद्याचा. परवाचा. माझी बोटं गार पडून राहिली – कागद संपला, त्यांनी दुसरा घेतला – थांबतच नाहीत – जया, लेकी, आईच्या हातातून तो पेन –