शीळ न घालण्याची अट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, धंदा शिवणयंत्रांची दुरुस्ती, शिक्षण आठवी पास आणि नववीचे तीन महिने, हे मृत्युपत्र शनिवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर स्वतःच्या काळजीने लिहीत आहे. रविवारी लिहिले असते तर ते काम धरावे की नाही हा प्रश्न आला असता, म्हणून शनिवार निवडला.

कारण असे की, येत्या मंगळवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. एका कारखान्याचे जड यंत्र एकट्याने उचलल्यामुळे तो झाला. पूर्वी अशी यंत्रे आम्ही दोघे भाऊ उचलत असू. डॉक्टर म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे, घाबरू नका." अर्ध्या तासात माणूस दोनदा मरू शकतो, असे मी त्यांना सांगितले. ते हसले. मी हसलो नाही.

वकिलाच्या कारकुनाने मला तीन गोष्टी समजावल्या. साक्षीदार दोन हवेत. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. खाडाखोड झाली तर तिच्या शेजारी सही करावी. मी शब्दकोश हाताशी घेऊन बसलो आहे, त्यामुळे खाडाखोड होणार नाही.

कलम १. माझी लाकडी शिडी समोरच्या न्हाव्याला द्यावी. ती सध्या त्याच्याकडेच आहे. चार वर्षांपूर्वी "पाच मिनिटांत आणून देतो" म्हणून नेली होती. मिळाल्याची पावती मात्र त्याच्याकडून घ्यावी.

कलम २. शब्दकोश पाळकसाहेबांना देणार होतो. चर्चच्या दारातील फळ्यावर ते दर आठवड्याला सूचना लिहितात आणि त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांमुळे मला उपासनाभर दुसरे काही सुचत नाही. परंतु ते साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही. फळा आहे तसाच राहील.

कलम ३. बँकेतील माझी शिल्लक मावशीला द्यावी. आई गेल्यावर आम्हा दोघा भावांना तिनेच वाढवले. तिने ती स्वतःच्या गुडघ्यांवरच खर्च करावी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पोरांवर करू नये.
(शेवटची अट रद्द. कारण पुढे येईल. सही.)

कलम ४. दुकान, दोन्ही कामाची टेबले, सुयांचे डबे, तेलाच्या कुप्या, आणि वडिलांचा पेचकस ज्याची मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजली आहे, हे सर्व माझ्या धाकट्या भावाला द्यावे. अटी पुढीलप्रमाणे:

(अ) त्याने दर रविवारी उपासनेला यावे आणि दुसऱ्या बाकावर आपल्या जागी बसावे.
(ब) रविवारी दुकान उघडू नये.
(क) दुकानात शीळ घालू नये.
(ड) आपण चुकलो असे त्याने पाळकसाहेबांसमोर बोलून दाखवावे.

यातील एकही अट मोडल्यास सर्व काही चर्चच्या इमारत निधीला जावे.

हे वाचणाऱ्याला खुलासा हवा असेल. वडील वारले तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. दुकान, धाकटा आणि दोघांचे आत्मे एकदमच माझ्या अंगावर पडले. मी एक कागद घेतला, त्यावर सत्तावीस नियम सुवाच्य अक्षरात लिहिले आणि तो दाराआड खिळ्याला लावला. नियम सातवा: रविवारी हत्याराला हात लावू नये.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी उपासनेहून परतलो, तर दुकानाचे दार अर्धे उघडे आणि आतून शीळ ऐकू येत होती. धाकटा शिंपीणबाईंच्या यंत्राचे पोट उघडून बसला होता.

मी म्हणालो, "आज वार कोणता?"

"रविवार. आणि दादा, देवानं आपल्याला मोकळं केलंय ना? तूच तर जेवताना सांगत असतोस."

"मोकळं केलंय म्हणून मोकाट सुटायचं का?"

त्याने पुन्हा शीळ घालायला सुरुवात केली, आणि तीही माझ्याकडे बघून. मी त्याला म्हणालो, "या दुकानात नियम पाळायचे नसतील तर बाहेरची वाट धर." त्याने ती धरली. तो दोन गल्ल्या पलीकडे मावशीकडे राहतो आणि कपड्यांच्या कारखान्यात यंत्रे सांभाळतो. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. दुकानात आता फार शांतता आहे. नियम मोडायला कोणी उरलेले नाही.

कलम ४ वरील नोंद, शनिवार दुपार. पाळकसाहेब साक्षीदार म्हणून वाचायला आले होते. अट (क) पाशी त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तू गेल्यावर धाकटा शीळ घालतो का, ते ऐकायला मी रोज तुझ्या दुकानाबाहेर उभा राहू?"

"रोज नको. अधूनमधून आलात तरी चालेल."

"आणि इमारत निधीला तुझ्या सुया घेऊन काय करू? छत शिवू?"

मग ते म्हणाले, "देवानं तुला जे दिलं, ते अटी घालून दिलं का रे?"

"नाही."

"मग तू कोण लागून गेलास?"

मला राग आला. मी विचारले, "म्हणजे कोणीही काहीही करावं? मग त्या मोकळेपणाला काही हद्द आहे की नाही?"

"आहे ना. ते यंत्र दुरुस्त करायला धाकटा मोकळा होता. तुला डिवचायला शीळ घालायला मोकळा नव्हता. समोरच्या माणसाला दुखवायला निघालास की हद्द आली. पण ती हद्द ज्यानं त्यानं आपल्या पायानं गाठायची असते, दुसऱ्याच्या दारात कुंपण घालून नाही." एवढे बोलून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्या रविवारी शिंपीणबाई काय शिवत होत्या, ठाऊक आहे?"

मी म्हणालो, ठाऊक नाही. मी वार विचारला होता, काम विचारले नव्हते.

"माझ्या मुलीचा लग्नाचा झगा. सोमवारी लग्न, आणि शनिवारी संध्याकाळी यंत्र अडकलं. तू त्या लग्नात तिसऱ्या रांगेत बसून जेवलास. दोनदा वाढून घेतलंस."

ही गोष्ट खरी आहे.

ते गेल्यावर मी बराच वेळ समोरच्या टेबलावरच्या यंत्राकडे पाहत बसलो. गिऱ्हाइकांना मी रोज सांगतो की वरच्या धाग्याचा ताण फार आवळू नका, धागा तुटेल, आणि फार सैल सोडू नका, खाली गुंता होईल. गिऱ्हाईक दोन वेळा ऐकते आणि तिसऱ्यांदा पुन्हा आवळते. मग मी त्यांच्यावर चिडतो.

अट (अ) रद्द. सही.
अट (ब) रद्द. सही.
अट (ड) रद्द. सही.
अट (क) ला थोडा वेळ लागला. रद्द. सही.

हा कागद पुन्हा स्वच्छ लिहून काढायला हवा होता. राहू दे.

कलम ५. सत्तावीस नियमांचा कागद कोणालाही देऊ नये. तो मी खिळ्यावरून काढला आहे. कागद चांगल्या प्रतीचा आहे, सुया गुंडाळायला उपयोगी पडेल. नियम एकोणिसावा, म्हणजे काम झाल्यावर तेलाच्या कुपीला झाकण लावणे, तेवढा जमल्यास पाळावा. ही विनंती आहे, अट नाही.

पुढील मजकूर रविवारी, उपासनेनंतर, मावशीच्या स्वयंपाकघरातील टेबलावर लिहिला आहे. पाळकसाहेब आणि शिंपीणबाई सोबत आले. दार धाकट्याने उघडले. माझ्या मागे पाळकसाहेबांना पाहून त्याचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हणालो. "मृत्युपत्र आणलंय."

"कोणाचं?"

"माझं. मंगळवारी ऑपरेशन आहे. हर्निया."

"एकट्यानं उचललंस ना? शहाणा!" हे त्याचे माझ्याशी दोन वर्षांतले पहिले वाक्य धरावे.

आतून मावशी ओरडली, "आधी आत येऊन बस, मग काय मरायचं ते मर."

धाकट्याने कागद उभ्यानेच वाचला. शिडीपाशी हसला. कलम ४ पाशी हसणे थांबले. रद्द केलेल्या अटीसुद्धा त्याने एकेक करून वाचल्या. मग कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "शीळ मुद्दाम घातली होती मी. तुला झोंबावी म्हणून. चुकलो."

अट (ड) कालच रद्द झाली होती, याची येथे नोंद असावी. पाळकसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते, पण ऐकत होते.

टेबल रिकामे करताना मावशीच्या यंत्रावरचे कापड सरकले. पट्टा सुटून लोंबत होता.

मी विचारले, "हे कधीपासून बंद आहे?"

"दीड महिना झाला," मावशी म्हणाली. "याचे सहा दिवस कारखान्यात जातात. सातव्या दिवशी म्हणावं दुरुस्त कर, तर हात लावत नाही."

"मावशे, गप गं."

"का गप? दोन वर्षं तेच ऐकतेय. म्हणतो, रविवारी दादा खिडकीखालून जातो, त्याला हत्यारांचा आवाज गेला तर जीव कासावीस होईल त्याचा. करायला मी मोकळा आहे म्हणतो, पण करत नाही म्हणतो."

दर रविवारी मी त्या खिडकीखालून मान ताठ ठेवून जातो आणि कान मात्र वर लावतो. इतके दिवस काही ऐकू येत नाही म्हणून मला वाटायचे, तो मला विसरला.

मी खिशातून वडिलांचा पेचकस काढला. तो देण्यासाठीच आणला होता. धाकट्याने यंत्र तिरके करून धरले, मी चाकाचा पेच सैल केला, पट्टा चढवला आणि ताण बघितला. शिंपीणबाई म्हणाल्या, "जरा सैल ठेवा हो." ठेवला. यंत्र चालू झाले. खिडकी उघडी होती.

कलम ६. हे मृत्युपत्र मी मेल्यानंतरच लागू व्हावे, असे कारकुनाने लिहायला सांगितले होते. कलम ४ पुरती मरेपर्यंत थांबण्याची अट मी रद्द करत आहे. सही. दुकानाची दुसरी किल्ली आणि पेचकस धाकट्याला आत्ताच दिले आहेत. मंगळवारी मी परत आलो तर दुकान दोघांचे. जड यंत्रे दोघांनी उचलावीत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः रद्द केला आणि स्वतः वाचून पाहिला आहे. धाकट्याला मिळणार असल्यामुळे त्याची साक्ष घेतलेली नाही. पंख्याने कागद उडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी कागद धरून उभा आहे आणि शीळ घालतो आहे. सूर जरा चुकतो आहे. मी हरकत घेतलेली नाही.

सही: (शिवणयंत्रे दुरुस्त करणारा, थोरला)

साक्षीदार:
१. पाळक (सही)
२. शिंपीणबाई (सही)

ठिकाण: मावशीचे स्वयंपाकघर, चालू यंत्राशेजारी
वार: रविवार