पोलंडची पत्रं आणि अर्धा फर्लांग वाट

मी, रंभाजी बन्सी शिरसाठ, वय ७५, धर्म बौद्ध, पलटणीतला निवृत्त खेचरवाला, राहणार मौजे बोरमळा, तालुका श्रीगोंदा, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गावात काहींना शंका आहे. त्यांना मी विचारलेलं नाही.

१) राहतं घर व दोन एकर जिराईत मुलगा सम्राट व मुलगी वृषाली यांना निम्मे-निम्मे. सम्राटला काहीच देऊ नये असं फार वाटलं. पण त्याच्या आईला, बनाबाईला, ते खपलं नसतं.

२) लढाईचं पदक सम्राटला. ते त्याने पेटीत ठेवावं, छातीला लावू नये.

३) स्टाशेकची एकतीस पत्रं वृषालीला, ती इंग्रजी वाचून मला मराठीत सांगायची. स्टाशेक पोलंडचा शिपाई. १९४४ च्या मे महिन्यात इटलीत, कॅसिनो गावाच्या डोंगराखाली, मी खेचरांवरून त्यांचा दारूगोळा वाहत होतो. त्यांची माणसं आठवडाभर पडत होती आणि मागची चढत होती. या लोकांचा देश पूर्वी एकशे तेवीस वर्षं नकाशावरच नव्हता. चोरून घरात पोरांना आपली भाषा शिकवली, पिढ्यान्‌पिढ्या बंड केलं, हरले, पुन्हा उठले. युद्ध जिंकूनही स्टाशेकचं गाव रशियाकडे गेलं, तो परत जाऊ शकला नाही. पुढे पोलंडच्या गोदीकामगारांनी संप करून तिथलं सरकार वाकवलं, तेव्हा म्हाताऱ्या स्टाशेकने चार पानं भरून लिहिलं होतं.

४) आमच्या स्मशानाची वाट गोरक्षनाथ बागायतदाराने ९२ साली तार ओढून बंद केली. अर्धा फर्लांग वाट, जेमतेम सव्वाशे पावलं. पुढच्या वर्षी बनाबाई गेली, तिला टेम्पोत घालून सडकेने तीन मैल फिरवून नेलं. मी दावा लावला. सम्राटने मला न विचारता वाट सोडून देण्याच्या तडजोडीवर सही केली. म्हणाला, "आन्ना, पोलंडचं इथं काय? आपल्याला गावात ऱ्हायाचं हाय." त्याने तोच कागद वृषालीपुढे धरला तर ती म्हणाली, "मी सही करनार न्हाई. आई टेम्पोतून गेली, आन्ना न्हाई जायाचं." म्हणून दाव्याचे सर्व कागद व तो पुढे चालवण्याचा हक्क तिला.

पोरा, तुझा मला राग नाही असं लिहिणार होतो. आहे.

५) माझं प्रेत त्याच वाटेने न्यावं. तार वृषालीने कापावी, पहिला खांदाही तिनेच द्यावा. सम्राटला भीती वाटली तर त्याने सडकेने यावं. आम्ही आधी पोचलेले असू.

गावात साक्षीला कोणी उभं राहिलं नाही, म्हणून काष्टीच्या बाजारात येऊन सह्या घेतल्या.

रंभाजी बन्सी शिरसाठ (सही)

साक्षीदार :
१. मच्छिंद्र, बैलांना नाल मारणारे, काष्टी (सही)
२. राहीबाई, भाजीवाल्या, काष्टी (डाव्या हाताचा अंगठा). अंगठा देण्याआधी विचारलं, "वाट खरंच अर्धा फर्लांगच हाय का?"

काष्टी, शनिवार, १८ मे १९९६