शेगडीवरची फुंकर

फरुखदादा,

हे पत्र मी धाडणार नाही. आपली इराणी अक्षरं वेशीवर सापडली, तर इथं छांगआनमध्ये बाबांची, माझी न् लेकीची धडगत नाही. पण भीती पोटात मावेना, म्हणून लिहिते.

चिनी बादशहाच्या हुकमानं आपली अग्यारी बंद झाली. बाबांनी तिथला विस्तव आणून माझ्या शेगडीत लपवला. वर चहाचं भांडं ठेवलं, की कुणाला संशय नको. बाहेर आम्ही 'ली' आडनाव सांगतो.

आज सकाळी झडतीचा अंमलदार आला. बाबा कोठारात लपले.

"काय ली वहिनी, या आळीत इराणी लपलेत म्हणे! शेगडी विझत आलीय तुमची. फुंका जरा, चहा तरी पाजा."

मी वाकले, आणि माझी बाही आपोआप तोंडावर गेली. अग्नीला श्वास लागू द्यायचा नाही, हे आपल्या हाडात भिनलेलं!

"आईचा दात दुखतोय," म्हणत आ-ल्याननं मला बाजूला सारलं आणि गाल फुगवून थेट विस्तवावर फुंकर घातली. कोठारातून बाबांनी ती ऐकली असणार.

अंमलदार सावकाश चहा प्यायला.

"पोर चलाख आहे हो. उद्या पुन्हा येतो. तोवर दात बरा करा, वहिनी. उद्या तुम्ही फुंकायचं."

दादा, सकाळपासून मी परसातल्या थंड चुलीपुढे बसून फुंकायचा सराव करतेय. चुलीत नुसती राख आहे. तरी दर वेळी हात आधी तोंडावर जातो.

तुझी घाबरट,
दीनाग