एक ठोका दाब, दोन ठोके सोड

गांधीधाम, ६ एप्रिल

ती. आबांना दानियलचा सलाम. वि. वि. मी इथे बरा आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि रिबेका मध्येच स्वतःच्या लग्नाचं सुरू करते, म्हणून कागद घेतला. अक्षर सातवीत सोडलं तिथेच आहे, सांभाळून घ्या.

ती सांगत होती, ब्रेक मारला की अँबेसिडर डावीकडे ओढते. घाट उतरल्यावर पुढच्या डाव्या चाकाला हात लावता येत नाही, तुम्ही तांब्याभर पाणी ओतता आणि निघता. बावीस मेला माझ्या बहिणीला, नवरीला, त्याच गाडीतून नवापूरच्या चर्चला उतरवणार म्हणे. आबा, मधे चरणमाळचा घाट आहे.

चाकाला काही झालेलं नाही. चाकाकडे जाणारा रबरी पाइप आतून सुजलाय. पाय दाबला की ब्रेक ऑइल जोराने जातं, पण पाय काढला तरी मागे येत नाही, मग ब्रेक धरूनच राहतो. आणि पाइप का सुजला ते लिहायला लाज वाटते. मोहाच्या बियांचं तेल! दर नाताळला, दर ईस्टरला मी गाडीखाली सरकायचो, आईच्या बरणीतलं तेल चिंधीवर घेऊन पुढचे दोन आणि मागचा एक, तिन्ही पाइप चोळायचो. तुम्ही बाहेर बसून विचारायचे, चमकला का. ही गोष्ट मी आमच्या गॅरेजच्या उस्तादांना, वाहिदभाईंना, कौतुकाने सांगितली. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाले, तेल रबराला खातं. तुम्ही ज्यांची गाडी चालवायचे त्या डॉक्टरीणबाई गाव सोडताना तुम्हाला ती देऊन गेल्या, तेव्हापासून आपण तिला लाडाने मारतोय.

तीन नवे पाइप रूपसिंग ड्रायव्हरच्या ट्रकमधून पाठवतो. तोवर गाडी घाटात काढू नका. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा ठेवा, वेग तेवढा कमी करा.

तुमचा दानियल

घरून, २३ एप्रिल

चि. दानियल यास आबाचा आशीर्वाद. पाइप मिळाले. कपाटात ठेवलेत.

तू शाळा सोडलीस, सुरत सोडलं, वापी सोडलं, आता मला पाइप सोडायला सांगतोस. माझे पाइप अजून पिकल्या जांभळासारखे चमकतात. बावीस वर्षं बाईंना याच गाडीतून पाड्यापाड्यावर बाळंतपणांना नेलं, एकदाही ब्रेकने दगा दिला नाही. तुझ्या वाहिदभाईंना आमचा सलाम सांग आणि चहा गार होऊ देऊ नका म्हणावं.

एक मात्र लिहितो. ईस्टरला चर्चला उतरताना वळणावर गाडी आपली आपणच कठड्याकडे गेली. रिबेका शेजारी होती. घरी येऊन आईला म्हणाली, मी लग्नाला पायी जाईन. तुला कळवू नको असं दोघींनी बजावलं होतं.

तेलाची बरणी या वेळी काढली, पण लावलं नाही. तू लग्नाला येतोस ते कळव. माया आहेच, ती काय दर पत्रात लिहायची.

तुझा आबा

गांधीधाम, ३० एप्रिल

ती. आबा, सलाम. वि. वि. पत्र वाचलं आणि लगेच कागद घेतला. माझं ऐकू नका, पण एवढं करा. डावा पाइप काढा आणि चाकूने उभा चिरा. आतून चांगला निघाला तर मी परत तोंड उघडणार नाही.

नवे बसवलेत तर ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायला विसरू नका. पेडलवर भाईदासमामाला बसवा. मला आठवतं, लहानपणी तिथे मी बसायचो, माझा पाय पोचत नव्हता म्हणून आईची उशी पाठीमागे लावायचे. तुम्ही खालून पान्याने चासीवर मारायचे, एक ठोका दाबून धर, दोन ठोके सोड. बोलायचं कामच नव्हतं. आपलं तेव्हा जेवढं जमलं तेवढं नंतर कधी जमलं नाही.

लग्नाचं बघतो. रजा मिळेल, आबा. पण लोक विचारतात हल्ली कुठे असतो, आणि दर वेळी नवं गाव सांगायचं नको वाटतं. आईला, रिबेकाला आठवण सांगा. जीव लावता तसाच लावा.

तुमचा दानियल

घरून, ९ मे

चि. दानियल यास आशीर्वाद. चिरला. वरून जांभूळ, आत भोक सुई जाईल एवढंच उरलेलं. चिरलेला पाइप दिवसभर मांडीवर घेऊन बसलो होतो. रिबेकाला दाखवला, तिने हातातून घेऊन फेकून दिला. बरणीतलं तेल आई गुडघ्यांना लावते.

तिन्ही पाइप नवे बसवले. पण हवा निघाली नाही. रिबेका दोन ठोक्यांना दाबते. भाईदास पेडलवर बसून वरून विचारत राहतो आणि मला ऐकू येत नाही. गाडी दगडांवर उभी आहे, पेडल तळाला जातं. वीस तारखेपर्यंत हवा निघाली नाही तर नवरी भाईदासच्या पिकअपमध्ये जाईल.

सीटवर उशी ठेवली होती. आई म्हणाली, अहो, तो आता तुमच्याहून उंच आहे. उशी मी काढलेली नाही.

कुठे असतोस कोणी विचारलं तर मी सांगेन, पाइप ओळखतो तिथे असतो. वाट पाहतो.

तुझा आबा

रूपसिंगच्या ट्रकमधून, १८ मे

ती. आबा, सलाम. ट्रक हलतोय म्हणून अक्षर आणखी वाकडं. हे पत्र पोस्टात टाकत नाही, माझ्याच हाताने देणार आहे, कारण दारातून ओरडलो तर तुम्हाला ऐकू येणार नाही आणि शेजारपाजारी सगळ्यांना येईल.

वाचून झालं की घडी करून खिशात ठेवा, पाना घ्या, गाडीखाली जा आणि एक ठोका द्या. मी सीटवर बसलोय.

दानियल